डबड्यातला बाजार

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांचं कुठल्याही एका गोष्टीवर एकमत झाल्याचं मला आठवत नाही. पाणी कुणाचं, कचेरी कुठं व्हावी, शिक्षण कुठलं चांगलं, एवढंच काय, ठेच्यात लसूण किती घालावा यावरूनसुद्धा दोन्हीकडचे लोक हातघाईवर येतात. पण आमचे साडू वाया गेलेले आहेत, या एका मुद्द्यावर दोन्ही जिल्ह्यांतल्या आमच्या समस्त नातेवाइकांचं एकमत होतं. मी नांदेडचा, साडू लातूरचे आणि आम्हा दोघांची सासुरवाडी मधे, मुखेडला. त्यामुळं हे एकमत माझ्यापर्यंत लग्नाआधीच येऊन पोचलं होतं. ‘थोरले जावई तसे चांगले हायत,’ असं सासूबाई म्हणायच्या आणि ‘तसे’ या शब्दावर क्षणभर थांबून पदर सारखा करायच्या. त्या ‘तसे’मध्ये काय काय भरलेलं होतं ते उलगडायला मला अर्धं आयुष्य लागलं.

साडूंच्या घरचं लातूरला गंजगोलाईच्या बाजारात कापडाचं दुकान, मागं राहतं घर. घराणं लिंगायत, व्यापार पिढीजात. कपाळावर विभूती आणि हातात गज. तिघा भावांतले हे मधले. बाकीचे दोघे गिऱ्हाइकाचा चेहरा बघून त्याला काय हवंय ते ओळखायचे. आमचे साडू गिऱ्हाइकाचा चेहरा बघून तो किती रेघांत काढता येईल याचा हिशोब करायचे. जगातली प्रत्येक वस्तू सरळ रेघांची बनलेली आहे आणि ज्या वस्तूला रेघा कमी लागतात ती वस्तू श्रेष्ठ, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. विटेला ते फार मान द्यायचे. आंबा त्यांना आवडायचा, पण खाताना ते किंचित नाराज असायचे. एखादी बाई परकराचं कापड बघायला आली, की हे ठाण उलगडून तिच्यासमोर पसरायचे आणि बोलता बोलता शिंप्याच्या खडूनं त्यावर एक ठोकळा काढायचे. मग तोच ठोकळा जरासा वळलेला, मग आणखी वळलेला. बाई म्हणायची, ‘आवो, मला साधं पाहिजे, छापाचं नको.’ शेवटी थोरल्या भावानं खडू कुलपात ठेवला आणि यांना दुकानाच्या मागच्या खोलीत, गाठोडी मोजायला बसवलं. त्या खोलीत विजेचा एक प्लग होता, हे थोरल्या भावाच्या लक्षात आलं नाही. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

त्यांच्या हैदराबादच्या एका मित्रानं परदेशातून येताना एक घरगुती संगणक आणला होता आणि चार दिवस खेळून कंटाळून तो यांना देऊन टाकला होता. शाळेच्या पाटीएवढा, रबरी बटणांचा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. तो घरातल्या टीव्हीला जोडायचा. स्मरणशक्ती इतकी तुटपुंजी, की आज आपल्या फोनमध्ये असतो तसा एक साधा फोटोसुद्धा त्यात मावला नसता. शिवाय वीज गेली की शिकवलेलं सगळं तो विसरायचा. म्हणून ते शिकवणं गाण्याच्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवायचं आणि दर वेळी टेपरेकॉर्डर लावून त्याला पुन्हा ऐकवायचं. लातुरातली वीज लक्षात घेता साडूंचं निम्मं आयुष्य ऐकवण्यातच गेलं असणार. घरातले लोक त्या यंत्राला ‘डबडं’ म्हणायचे. साडूंनी त्याचा राग न मानता तेच नाव मायेनं उचललं.

डबड्यावर माणसं हिशोब करतात, खेळ खेळतात, हे त्यांना मंजूर नव्हतं. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं होतं, की परदेशात डोक्यावर टोप चढवून माणूस भलत्याच जगात हिंडून येतो. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की पडदा नाहीसा होतो आणि समोर खोल जागा उघडते. त्यासाठी तिकडं खोलीभर यंत्रं लागत होती. साडूंकडं डबडं होतं. ते मला म्हणाले, ‘टीव्ही काय, कुणीबी बगतंय सर. टीव्हीत जायचं बगा.’ मी कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून ते मला सर म्हणत. मी बायकोसारखंच त्यांना दाजी म्हणायचो.

आमची पहिली भेट मला पाहायला आलेल्या मंडळींत झाली. सासऱ्यांनी थोरला जावई म्हणून त्यांना सोबत आणलं होतं. बाकीच्यांनी माझा पगार विचारला, शेती विचारली, चहा-पोहे झाले. हे मात्र एक डोळा मिटून माझ्याकडं टक लावून बसले होते. निघताना सासऱ्यांनी विचारलं, ‘काय जावईबापू, कसं काय वाटतंय पोरगं?’ तर हे म्हणाले, ‘चेहरा सोपा हाय, मामा. वीस रेघांत बसंल. नाकाला तेवढ्या जास्तीच्या लागतील.’ सासऱ्यांना वाटलं, हा सामुद्रिकाचा काही प्रकार असावा. त्यांनी मान डोलावली आणि माझं लग्न ठरलं.

कॅसेटचा घोटाळा माझ्या मुलीच्या बारशाला झाला. बारसं मुखेडला, सासऱ्यांच्या घरी. पाळण्याच्या गाण्यांची कॅसेट आणायचं काम भावकीतल्या कुणी तरी दाजींवर सोपवलं होतं. त्यांनी आणलीही, पण पिशवीतून काढताना दुसरीच हातात आली. बायकांनी पाळण्याची दोरी धरली, बटण दाबलं आणि टेपमधून आधी एक लांबलचक शिट्टी आली, मग गिरणीत खडे पडल्यासारखी खरखर सुरू झाली. बायकांचे हात थांबले. जळकोटहून आलेली एक म्हातारी आत्या शांतपणे म्हणाली, ‘इंग्रजी पाळणा दिसतोय.’ कुणी तरी बंद करायला धावलं तर कोपऱ्यातून दाजी ओरडले, ‘थांबा, थांबा! ऐका, हितंच अडकतंय बगा!’ आणि डोळे मिटून, तल्लीन होऊन ऐकायला लागले. माझी मुलगी सकाळपासून रडत होती. ती त्या आवाजात गाढ झोपली. पुढं कित्येक महिने तिला झोपवायला आमच्या घरी तीच कॅसेट लागायची, हे मी कॉलेजात कुणाला सांगितलं नाही.

हे सगळं लोकांनी हसण्यावारी नेलं असतं, पण टीव्हीचं प्रकरण वाकड्यात गेलं. आमचे सासरे म्हणजे मुखेडचे जुने आडते. डोक्याला रुमाल, आवाज खणखणीत, शब्दाला पक्के आणि रुसायलाही तितकेच पक्के. थोरल्या जावयाला दिवाळसणाला त्यांनी टीव्ही दिला होता, तोही स्वतः हैदराबादला जाऊन, निवडून, मांडीवर घेऊन आणलेला. मग एकदा लातूरला कामासाठी गेले तेव्हा, आपला टीव्ही कसा चाललाय ते बघू म्हणून मलाही बरोबर घेऊन थोरल्या लेकीच्या घरी गेले. बघतात तो टीव्हीची पाठ उघडून आतडी जमिनीवर आलेली, त्यांतून तारा निघून डबड्यात गेलेल्या आणि पडद्यावर बातम्यांच्या जागी एक ठोकळा आचके देत फिरत होता.

‘हे काय हाय?’ सासऱ्यांनी विचारलं.

‘ठोकळा हाय, मामा.’

‘मी टीव्ही दिला व्हता.’

‘हाव की. त्याच्यातच फिरायलाय.’ दाजींच्या चेहऱ्यावर निर्मळ आनंद होता. ‘आधी एरियलच्या वाटेनं सोडला तर रेघा धुरकट यायच्या. आता बगा कशा लख्ख हायत!’

सासरे चहा न घेता उठले. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, दारापर्यंत रडत आली. परतीच्या गाडीत मुखेड येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते, आणि त्या दिवसापासून त्यांनी थोरल्या जावयाशी बोलणं सोडलं. म्हणजे मानपान सगळा व्हायचा, आहेर व्हायचा. फक्त बोलायचे ते मधे माणूस घालून. दोघं एकाच पंगतीत समोरासमोर बसलेले असायचे आणि सासरे सासूबाईंना सांगायचे, ‘जावयाला इचारा, भाकर पाहिजे का.’ दाजीही तितक्याच अदबीनं म्हणायचे, ‘मामींनी सांगावं, अर्धी चालंल.’ अशी कित्येक वर्षं गेली. पंगतीत त्या दोघांच्या मधला माणूस व्हायची वेळ माझ्यावर आली की माझी भाकरी थंड व्हायची.

दाजींना याचं वाईट वाटत होतं का, ते कधी कळलं नाही. ते ठोकळ्याच्या पुढं गेले होते. टीव्हीच्या पडद्यावर आता शेजारी शेजारी दोन चित्रं यायची, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. ती बघायला त्यांनी दुकानातलं साडीचं रिकामं खोकं घेतलं, त्यात मधोमध पुठ्ठ्याचा पडदा घातला, चष्म्याच्या दुकानातून दोन भिंगं आणून बसवली आणि उजेड येऊ नये म्हणून वरून काळं अस्तर शिवलं. खोकं टीव्हीला टेकवायचं, त्यात तोंड घालायचं, अस्तर डोक्यावर घ्यायचं आणि हातानं रबरी बटणं दाबायची. एका बटणानं पुढं, एकानं डावीकडं, एकानं उजवीकडं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, माणूस वाफारा घेतोय. शेजारची एक बाई त्यांच्यासाठी अडुळशाचा काढा करून आणून द्यायची. दाजी तो काढा मुकाट पिऊन टाकायचे, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. मी त्या खोक्यात पहिल्यांदा डोकं घातलं तेव्हा आत काळोखात एक पांढरा रस्ता दिसला. नुसत्या दोन रेघा, पण खरंच, लांब जाऊन एकमेकींना भेटणाऱ्या. मी बटण दाबलं. काही झालं नाही. ‘थांबा, ते पाऊल उचलायलंय,’ बाहेरून दाजी म्हणाले. बऱ्याच वेळानं रस्ता एक आचका देऊन जवळ आला. मी त्या रस्त्यावर पडता पडता वाचलो, असं मला वाटलं. प्रत्यक्षात मी गाद्यांच्या ढिगावर बसलेलो होतो.

अशातच सासरे पडले. पडले तेही बाजारात. मुखेडचा आठवडी बाजार हा त्यांचा खरा देव. आडत मुलाच्या हाती दिल्यापासून बाजारात त्यांचं काही काम उरलं नव्हतं, तरी बाजाराच्या दिवशी सकाळी रुमाल बांधून ते जे बाहेर पडायचे ते दुकानांची पालं उठेपर्यंत. घ्यायचं काहीच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडायचं, बैलाचे दात बघायचे, दुसऱ्यांच्या सौद्यात बोलायचं, तंबाखूवाल्या मित्रापाशी बसायचं. तिथंच एका बिथरलेल्या बैलानं धडक दिली आणि खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं. काही दिवस ते आमच्याकडं होते, मग मुखेडला घरी नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, बरेच महिने खाटेवर, आणि पुढं चालता येईल की नाही ते माणसाच्या जिद्दीवर. जिद्द तर सासऱ्यांकडं खंडीभर होती, पण ती त्यांनी सगळी रुसण्यात खर्च केली होती. जेवण कमी झालं. मालिश करायला आलेल्याला ते परत पाठवायचे. बाजाराच्या दिवशी रस्त्यावरून गाड्यांचा, बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि संध्याकाळपर्यंत वळायचे नाहीत. सासूबाई मला म्हणाल्या, ‘माणूस हातचा चाललाय बगा.’

लातूरला गेलो तेव्हा मी हे दाजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ‘बैल वाईट’ एवढंच म्हणाले. मला राग आला. पण त्यानंतर ते अचानक मुखेडला जाऊ लागले, तेही बाजाराच्या दिवशी, सासऱ्यांच्या घरी न जाता. बाजारात कुठल्या तरी पालापाशी उभे राहून, एक डोळा मिटून बघताना ते ओळखीच्यांना दिसायचे. थोरला जावई दारावरून जातो पण भेटायला येत नाही, ही बातमी भावकीत पसरली आणि वाया गेल्याचं उरलंसुरलं प्रमाणपत्रही त्यांना मिळालं.

मग एके दिवशी ते लातूरच्या गाडीतून टीव्ही, टेपरेकॉर्डर, डबडं आणि साडीचं खोकं घेऊन मुखेडला उतरले. अक्का सोबत होती, तिनंच पुढं मला सांगितलं. कंडक्टरनं सामानाकडं बोट दाखवून विचारलं, ‘हे काय हाय?’ दाजी म्हणाले, ‘बाजार हाय. मुखेडचा. मुखेडलाच न्यायलोय.’ कंडक्टरनं बाजाराचं तिकीट फाडलं.

त्या दिवशी मीही मुखेडला होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. दाजींनी कुणालाही न विचारता खाटेशेजारी स्टूल ठेवलं, टीव्ही मांडला, तारा जोडल्या. ती शिट्टी आणि खरखर घरभर घुमली. सासरे भिंतीकडं तोंड करूनच होते. बऱ्याच वेळानं तसेच पडल्या पडल्या म्हणाले, ‘जावयाला इचारा, हे काय वाजायलंय.’

सासूबाईंनी दाजींकडं बघितलं. दाजी म्हणाले, ‘मामींनी सांगावं, बाजार हाय.’

‘जावयाला सांगा, बाजार तिकडं गावात भरतोय.’

‘मामींनी सांगावं, हाव, पर तिथं जाया येत न्हाई म्हणून हिकडं आणलाय.’

मग सासरे वळले. आम्ही लोड लावून त्यांना टेकवून बसवलं, खोकं पुढं केलं, अस्तर रुमालावर ओढलं आणि त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. आत काय होतं ते मी आधीच डोकावून बघितलं होतं: काळोखात पांढऱ्या रेघांची पालं, तिकोनी, एकामागं एक, मधून गेलेली वाट, मागं देवळाचा कळस. एवढंच. सासऱ्यांनी बटण दाबलं. आम्ही वाट बघत होतो. पुन्हा दाबलं. अस्तराखालून नुसता श्वास ऐकू येत होता. सासूबाईंनी हात जोडले होते. किती वेळ गेला कोण जाणे, आणि मग अस्तराखालून तो खणखणीत आवाज आला, मधे कुणालाही न घालता:

‘भज्याचं पाल डाव्या हाताला असतंय. तुमी उजवीकडं कामून लावलंय?’

दाजी धडपडत डबड्याकडं धावले. मी त्यांना तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मग ते घाईघाईनं म्हणाले, ‘हलवतो की, मामा. आत्ता हलवतो.’

त्या दिवसापासून दोघांचं भांडण सुरू झालं. म्हणजे बोलणं सुरू झालं. दाजी दर आठवड्याला मुखेडला यायचे आणि सासरे आठवडाभर चुका काढून ठेवायचे. दोरखंडवाला कुठं, गाडग्यांची रांग कुठं, चिंचेच्या झाडाला फांद्या किती. पण डबड्याच्या पोटात जागा नव्हती. नवीन पाल घालायचं तर जुनं एखादं उठवावं लागायचं. ‘कुणाला उठवू, मामा?’ असं दाजी विचारायचे आणि सासरे न्यायाधीशासारखे विचारात पडायचे. कापडवाल्यांना उठवलं की गाडगी मांडता येतील, पण कापडवाला जावयाच्या जातीचा. चपलावाल्याला उठवायचं तर तो गरीब. शेवटी एकदा म्हणाले, ‘आपली आडत काढून टाका. ती कुठं हाय ते मला ठावं हाय. बगायला कशाला पाहिजे?’ आणि पिढीजात आडत एका दुपारी पुसली गेली. तिच्या जागेवर गाडगी आली.

पुढची तक्रार जास्त अवघड होती. ‘ह्या बाजारात माणसं न्हाईत. संचारबंदी लागलीय का?’

‘माणसाला लई रेघा लागत्यात, मामा.’

‘मग एक तरी घाला.’

एक माणूस घालायचं ठरलं. कोण, यावर वाद नव्हताच: तंबाखूवाला. त्याच्यासाठी भाजीची अख्खी रांग उठली. दाजींनी त्याला पटका बांधला, पण खाली सोडलेला हात अंगाच्या रेघांत अडकायचा, म्हणून एक हात वर केला. ही बातमी बाजारात गेली आणि खरा तंबाखूवाला स्वतःला बघायला आला. खोक्यातून तोंड बाहेर काढून म्हणाला, ‘हे मी हाव? माझा हात कामून वर हाय?’ सासरे म्हणाले, ‘मला बोलवायलास.’ कनवटीची चंची काढून त्यानं दोघांपुरती तंबाखू मळली आणि खाटेच्या कडेवर बसला.

मग तर रीघच लागली. बाजार उठला की बाजार आमच्या सासऱ्यांच्या खोलीत भरायचा. गाडगीवाली आली, दोरखंडवाला आला, बैलांचे दलाल आले. जो तो खोक्यात तोंड घालून आपलं पाल शोधायचा आणि सापडलं नाही की भांडायचा. भजेवाला दर खेपेला पुडीभर गरम भजी आणायचा आणि दाजींना बाजूला घेऊन म्हणायचा, ‘जावईबापू, आमचं पाल वाईच मोठं करा की.’ सासरे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, ‘त्याचं हाय तेवढंच ऱ्हाऊ द्या. भजी मात्र खावा.’ या गडबडीत ते कधी दोन भाकरी खाऊ लागले, मालिशवाल्याला कधी हाकलेनासे झाले, कुणाच्या लक्षातही आलं नाही. एक दिवस आत रेघांचा बाजार चालू असताना दाराशी दोन दलालांत बैलाच्या वयावरून जुंपली आणि सासरे तावातावानं मधे बोलायला उठले. उठून उभे राहिले. मग काय झालं ते कळून, भिंतीला हात टेकून, आमच्याकडं बघत राहिले.

काठी घेऊन ते पहिल्यांदा खऱ्या बाजारात गेले तेव्हा त्यांनी लातूरहून दाजींना बोलावून घेतलं. मी मागून चालत होतो. गंमत अशी, की ज्यांनी तो बाजार रेघ न् रेघ उभा केला होता ते दाजी खऱ्या बाजारात शिरल्या शिरल्या गांगरून गेले. त्यांच्या बाजारात धक्के नव्हते, शेण नव्हतं, हाका नव्हत्या. एका शेळीनं त्यांचं धोतर तोंडात धरलं तर ते उभेच राहिले. सासऱ्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं जावयाचं कोपर धरलं. तसेच दोघं टोकापर्यंत गेले. प्रत्येक पालापाशी थांबून सासरे सांगत होते, ‘हे आमचे थोरले जावई. टीव्ही ह्यांनीच उघडला व्हता.’ आणि पोट धरून हसत होते.

सासरे त्यानंतर बरीच वर्षं हिंडले आणि झोपेत गेले. सासूबाईही गेल्या. तीन वर्षांमागं अक्का गेली. दाजींचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं वडिलांना हल्लीचा डोळ्यांवर बांधायचा चष्मा पाठवला, ज्यात बर्फाचे डोंगर दिसतात, समुद्राच्या पोटातले मासे दिसतात, मान वळवाल तिकडं जग वळतं. दाजींनी तो घालून बघितला, मान वळवताना कपाटावर कपाळ आपटून घेतलं आणि मला फोनवर म्हणाले, ‘लई भारी हाय, सर. सगळं हाय त्याच्यात. चूक एक बी काढता येईना.’ त्यानंतर त्यांनी जुनं डबडं माळ्यावरून काढलं. त्या नव्या चष्म्यात जुन्या डबड्याचं चित्र सोडायचं, असा त्यांनी नाद घेतला. असले येडे जगात अजून चार-पाच आहेत, एक पोलंडला आहे, एक ब्राझीलला, असं ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. तारा कशा जोडायच्या ते ही मंडळी एकमेकांना कळवत असत. हे काम किती तरी महिने चाललं होतं.

परवा त्यांचा फोन आला. ‘सर, या की. चालू व्हायलंय.’ मी सकाळच्या गाडीनं लातूरला गेलो. घरात ते एकटेच. चहा त्यांनीच केला, सांडत सांडत. टेबलावर डबडं होतं, रबरी बटणांवरची अक्षरं पार पुसलेली. कॅसेट लावली, खरखर सुरू झाली. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, चष्मा माझ्या हातात दिला.

‘आधी तुम्ही बघा, दाजी,’ मी म्हणालो. ‘काम तुमचं आहे.’

‘मला न्हाई दिसायचं, सर.’ ते सहज म्हणाले. ‘डोळ्याचा पडदा खराब झालाय म्हणतेत डॉक्टर. कडंकडंनं दिसतंय सगळं, मधलं जातंय. सरळ रेघ बगायला गेलं की वाकडी होतीय, तुटतीय. मागल्या दिवाळीपासून. तारा हातानं चाचपून जोडल्या.’ चष्म्याची तार सारखी करत म्हणाले, ‘पोराला सांगू नका एवढ्यात. उगं पुण्याला न्यायचं काढंल.’

मी चष्मा डोळ्यांवर चढवला. काळोख होता, आणि मग रेघा आल्या, थरथरत, एकेक करून; पालं, वाट, कळस. बारीक, पांढऱ्या, अगदी सरळ. दूर टोकाला हात वर केलेला तो तंबाखूवाला, आणि बाकी सगळा बाजार रिकामा. दाजींनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतलेली मला ऐकू आली.

‘काय दिसायलंय, सांगा.’

मी सांगायला लागलो. डावीकडं हे, उजवीकडं ते, एकेक पाल, एकेक रेघ. ते ‘हाव, हाव’ म्हणत होते. मी विचारलं, ‘दाजी, आता आत जाऊ?’

‘जावा,’ ते म्हणाले आणि त्यांनी माझं कोपर धरलं. ‘पर हळू चला, सर. आज गर्दी लई हाय.’

समोरच्या वाटेवर कुणीही नव्हतं. मी बटण अगदी हळू दाबून पाऊल आखडतं घेतलं.